मामांचं अर्धं विमान आणि पुरात बुडालेलं इंजिन विकायचं आहे (सांगली), सल्ला हवा

गावभागची भाची :

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

माझे मामा गेल्या गणपतीत गेले. जन्मभर त्यांनी फ्लाइंग क्लबांतली विमानं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर सांगलीला गावभागातल्या घरी आले आणि मागच्या पडवीत स्वतःचं विमान बांधायला बसले. पिटनपोल एअर कॅम्पर. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड चढवायचं. अमेरिकेत मिनेसोटाच्या बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२९ साली ते फोर्ड मोटारीच्या इंजिनावर उडवलं, हे घरी आलेल्या दूधवाल्यालासुद्धा मामांनी सांगितलेलं आहे. मी तेव्हा सातवीत. रविवारी स्कूटरवर मागे बसवून मला कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर न्यायचे. तिथे विमान कधी दिसलं नाही. गवतात उभं करून विचारायचे, वारा कुठून येतोय सांग. बरोबर सांगितलं की येताना उसाचा रस.

आता मामी पुण्याला मुलाकडे चालल्यात आणि दिवाळीच्या आत पडवी रिकामी करून द्यायची आहे. काय काय आहे ते सांगते. सांगाडा साडेतेरा फूट लांब, दोन्ही बाजू आणि तळ झालेला. पंखांच्या २२ फासळ्या, सुतळीने बांधून नंबर घातलेल्या. एक काँटिनेंटल सी-९० इंजिन, ४ सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं. विमानाच्या नाकावर फिरतो तो एक लाकडी पंखा (प्रोपेलर), पुढच्या कडेला पितळेची पट्टी असलेला, तो बैठकीच्या खोलीत एका टोकाला दोरी बांधून उभा टांगलाय. ५ जुनी मीटर : उंचीचं, वेगाचं, असली. डालड्याच्या दोन डब्यांत बोल्ट. आणि एक ट्रंकभर कागद. त्यात इंजिनाचं लॉगबुक, मामांच्या ४ वह्या, हिंदुस्तान एरोनॉटिक्सची पुष्पक विमानाची पुस्तिका, एचटी-२ विमानापुढे उभ्या असलेल्या माणसांचे फोटो.

एक गोष्ट लपवत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा मामांनी सगळ्यात आधी पंखा आणि कागदांची ट्रंक माळ्यावर नेली. मग चौघांना हाताशी घेऊन सांगाडा छपराच्या वाशांना बांधला. टीव्ही आणि गव्हाची पोती खालीच राहिली, मामी त्यावरून वर्षभर बोलत होत्या. इंजिन मात्र पेटीसकट हललं नाही. पाच-सहा दिवस ते पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर मामांनी प्लगच्या भोकांतून तेल ओतून ते हाताने फिरवलेलं मला आठवतंय.

मुंबईहून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी येऊन बघून गेले. सगळं मिळून ८५,००० म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, बाकीचं राहू द्या, फक्त इंजिनाचं लॉगबुक आणि इंजिनावरची नंबरची पट्टी काढून दिलीत तर ४०,००० देतो. मामी म्हणतात देऊन टाक, कागदाला एवढे कोण देतंय. माझं मन घेत नाही, पण का ते मला त्यांना सांगता येईना. कुणी जाणकार असेल तर सांगा.

साताऱ्याचा वेल्डर :

ताई, आमचं साताऱ्यात जुन्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाच वर्षं झाली, एक छोटं विमान बांधायचं मनात आहे, इंजिनापाशी घोडं अडलंय. नवीन परवडत नाही. तुमच्या सी-९०चे मी ६०,००० देतो. पुराची काळजी करू नका. उघडून धुतो, रिंगा बदलतो, महिन्यात चालू करून दाखवतो. पुरात बुडालेल्या कितीतरी बुलेट मी चालू करून दिल्यात, आजही फिरतायत.

कराडचे निवृत्त एएमई :

ताई, मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करून सही देणारा इंजिनिअर होतो. आधी आजच्या आज करायचं काम सांगतो, बाकीचं मग वाचा. त्या इंजिनाला पुढे पंखा बसवायची जी गोल तबकडी आहे, ती कुणालाही, विशेषतः मुलांना, फिरवू देऊ नका. विमानाच्या मॅग्नेटोला, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. बंद करायची तार इंजिनाच्या अंगाला जोडलेली नसेल तर मॅग्नेटो कायम चालूच असतं. फिरवताना 'खट्' असा आवाज आला तर समजा की ठिणगी पडली. आठही प्लग काढून ठेवा आणि भोकांत स्वच्छ फडकी कोंबा.

आता तुमचा व्यापारी. तुमच्या मनाने बरोबर ओळखलं. पट्टी आणि लॉगबुक मिळून त्या इंजिनाची जन्मपत्रिका. कुठे तयार झालं, किती तास चाललं, कधी उघडलं, कोणता भाग बदलला, कुणी सही केली, सगळं त्यात. ज्याच्याकडे कागद नसलेलं, कुठून आलं ते न सांगता येणारं इंजिन पडून आहे, त्याला दुसऱ्याची पट्टी आणि दुसऱ्याचं लॉगबुक सोन्यासारखं. त्या माणसाच्या मनात हेच आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण इंजिन नको आणि त्याचं लॉगबुक हवं, या मागणीचं दुसरं कारण मला ४१ वर्षांच्या नोकरीत सापडलेलं नाही. मामींना एवढंच सांगा : उद्या त्या कागदाच्या भरवशावर कुणीतरी विमानात बसेल.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. मी पंचविशीत होतो तेव्हा आमच्याकडे एक मॅग्नेटो आलं, एका व्यापाऱ्याकडून, पट्टी चकचकीत, कागद बरोबर. बसवलं. जमिनीवर इंजिन तापवून दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासायची असतात, तेव्हा त्या एकट्यावर इंजिन असं थरथरायला लागलं की मी लगेच बंद केलं. उघडलं तर कॉइलच्या खाली वाळलेला गाळ, लोखंडावर गंज. कुठल्या तरी नदीत राहून आलेलं होतं आणि पट्टी दुसऱ्याच मॅग्नेटोची. त्या दिवशी दुपारी त्याच विमानातून एक मुलगा एकट्याने पहिलं उड्डाण करणार होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

साताऱ्याच्या पोरा, आता तुझ्याशी बोलतो, राग मानू नको. बुलेट रस्त्यात बंद पडली तर तू बाजूला घेतोस. सी-९०चं बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं, धुतलं की नव्यासारखं दिसेल. आत क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टॅपेट, सिलिंडरची नळी, सगळं पोलाद. पाच-सहा दिवस कृष्णेच्या पाण्यात राहिल्यावर त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात. क्रँकशाफ्टवरचा सुईच्या टोकाएवढा खड्डा तडा सुरू व्हायला पुरतो. तो डोळ्यांनी दिसत नाही, चुंबकीय तपासणीत दिसतो. तेलाच्या बारीक वाटांत गाळ बसला असेल तर बेअरिंग जातात. रिंगा बदलून यातलं काही बरं होत नाही. पूर्ण उघडून, एकेक भाग मोजून, तपासून, कागद लावून काम झालं तरच त्या इंजिनाबद्दल बोलता येईल आणि त्याचा खर्च तू देतोयस त्या रकमेच्या कितीतरी पट. ताईंनी ते विकायचं तर 'पुरात बुडालेलं, उड्डाणासाठी नाही' असं बिलावर लिहूनच विकावं.

सी-९० हा आम्हा जुन्या लोकांचा जीव. पुष्पकला हेच होतं. १९५८ला पुष्पक पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या क्लबांत पसरलं, कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. स्टार्टर नसायचा, आम्ही हाताने पंखा मारायचो. एक पाय मागे घेऊनच मारायचा, हे शिकवायला आमच्या उस्तादांनी दोन दिवस नुसतं चालायला लावलं होतं.

सांगाड्याचं वेगळं आहे. परदेशात अर्धी झालेली विमानं राजरोस विकतात. अमेरिकेत १९५३ला ईएए ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना निघाली, ऑशकॉशला दर वर्षी जुलैच्या सुमारास त्यांची जत्रा भरते, तिथे पंखांच्या जोड्यासुद्धा ट्रेलरवर घालून विकायला येतात. पण घेणारा पहिल्यांदा वही मागतो. तिथल्या नियमात विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी स्वतः केलेलं असावं लागतं, ते फोटो आणि नोंदींनीच सिद्ध होतं. मामांच्या ४ वह्या म्हणजे सांगाड्याचं निम्मं मोल समजा. कोणता जोड कोणत्या दिवशी, कोणत्या गोंदाने चिकटवला, लाकूड कुठून आणलं, हे त्यात असेल. नसेल तर मात्र तो सांगाडा बघायची वस्तू म्हणूनच विका.

आपल्याकडे बांधणं वेगळं आणि उडवणं वेगळं. अमोल यादव मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले. कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, २०१६ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, नोंदणी २०१७ला मिळाली, उडवून बघायची परवानगी २०१९ला. तेव्हा साताऱ्याच्या पोराने लाकूड विकत घ्यायच्या आधी डीजीसीएचे नियम वाचावेत. मी बसून समजावून देईन, फी नाही.

मीटरांचं राहिलं. त्यांच्या आकड्यांवर पिवळट-तपकिरी, जाडसर रंग असेल तर ते रेडियम असू शकतं. अंधारात आता चमकत नसेल, कारण चमकणारा रंग मरतो, रेडियम मरत नाही. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. काच उघडू नका, रंग खरवडू नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका. जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गायगर काउंटर असेल, तिथे दाखवा.

मिरजेचा तंतुवाद्यवाला :

विमानातलं मला काही कळत नाही, लाकडातलं कळतं. आमच्या घरात चौथी पिढी सतारी करते.

ताई, तो पंखा आजच खाली घ्या. वर्षानुवर्षं उभा टांगलेला असेल तर खालच्या टोकाकडे ओल जास्त धरते आणि वरचं टोक हलकं पडतं. आम्ही दांड्याची फळी वाळवतानासुद्धा आडवी ठेवतो. मधल्या भोकात आडवा दांडा घालून दोन्ही पाती जमिनीला समांतर राहतील असा ठेवा.

हा पंखा एका लाकडाचा नसतो, फळ्या एकावर एक चिकटवून कोरलेला असतो. बोटाच्या पेराने मधून टोकाकडे ठोकत जा. आवाज भरीव आहे तोवर जोड धरलेला. जिथे फुटक्या मडक्यासारखा लागेल तिथे फळ्या सुटल्यात. पितळेच्या पट्टीखाली जास्त करून बघा, पाणी तिथे अडकतं. काहीही झालं तरी पॉलिश पेपर लावू नका. भोकाभोवती अंक ठोकलेले असतील, व्यास, पल्ला, बनवणाऱ्याचा नंबर. घासलेत की ते गेले. मी एक सतार बघितलीय, आजोबांच्या हातची, मालकाने हौसेने घासून नवी केली, आता तिच्यावर कुणाची खूणच नाही.

पंखा घेऊन मिरजेला आलात तर मी बघून देईन.

कराडचे निवृत्त एएमई :

मिरजकरांनी माझं काम केलं. एकच जोडतो. ठोकून आवाज भरीव आला तरी तो पंखा आता भिंतीसाठीच. एवढी वर्षं उभा टांगलेला पंखा मी विमानाला लावू देणार नाही.

आणि बोल्ट. डोक्यावर फुली किंवा चांदणीसारखी खूण आहे का बघा. विमानाच्या पोलादी एएन बोल्टवर ती असते, हार्डवेअरच्या दुकानातल्यावर नसते. दोन्ही एका डब्यात मिसळले असतील तर विकूच नका. मामा मिसळतील असं वाटत नाही.

गावभागची भाची :

आठ दिवसांनी लिहितेय.

मामांनी मिसळले नव्हते. एका डब्यावर 'विमान', दुसऱ्यावर 'घर'. विमानाच्या डब्यात प्रत्येक पुडीत बिलाचा तुकडा.

मीटर विश्रामबागला कॉलेजात नेली. पाचपैकी दोघांजवळ काउंटर तडतडायला लागला. ती दोन तिथल्या सरांनी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून दिली. विकणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारून काय करायचं ते ठरवू असं सर म्हणाले. त्यातलंच एक मी लहानपणी उशाशी घेऊन झोपायचे, हे मामींना सांगितलेलं नाही.

मिरजेला जाऊन आले. पंख्याचे जोड एका जागी सुटलेत, टोकापासून वीतभर. काकांनी पाऊण तास नुसतं ठोकून ऐकलं आणि पैसे घेतले नाहीत. पंखा माझ्याकडे राहील.

आता लॉगबुक. मी ते कधी उघडून वाचलं नव्हतं, इंग्रजी आणि आकडे. परवा रात्री शेवटचं पान काढलं. वरच्या सगळ्या नोंदी क्लबातल्या, वेगवेगळ्या सह्या. त्यानंतर एक रिकामी ओळ आणि खाली मामांचं अक्षर, मराठीत. ऑगस्ट २०१९, इंजिन पुराच्या पाण्यात बुडाले, उड्डाणासाठी वापरू नये. खाली पूर्ण सही, जशी ते नोकरीत करायचे तशी. मामींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, त्या मुंबईवाल्याला मी स्वतः फोन करते. केलाही.

त्या फोटोंचं काय करू? एचटी-२ समोरच्या एका फोटोच्या मागे मामांनी फक्त 'बंगळूर' लिहिलंय.

साताऱ्याचा वेल्डर :

ताई, मामांची नोंद वाचली. काल दुकानात बसून दोनदा वाचली. मी महिन्यात चालू करतो म्हणालो होतो ते मागे घेतो.

इंजिनाबद्दल एक सुचवू? इथल्या आयटीआयमध्ये माझा मित्र शिकवतो. मुलांना आतलं दिसावं म्हणून इंजिन अर्धं कापून ठेवतात, ते मी कापून, रंगवून, स्टँड करून देतो. मजुरी नको. पोरांना क्रँकशाफ्टवरचे खड्डेही दाखवता येतील.

आणि सांगाडा, फासळ्या, विमानाचा डबा आणि वह्या मला द्याल का? ४५,००० देतो, दोन हप्त्यांत. इंजिन नसताना मी काय करणार असं वाटेल. गेल्या रविवारी कराडला काकांकडे जाऊन आलो. त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून नियम दाखवले आणि म्हणाले, आधी पंख बांध, चार वर्षं त्यातच जातील, इंजिनाचं तेव्हा बघू. मला वेल्डिंग येतं, लाकूड येत नाही. मिरजेच्या काकांना विचारायचंय, शिकवाल का?

मिरजेचा तंतुवाद्यवाला :

ये. पण आधी नुसती फळी निवडायला शिकावं लागेल, गोंदाला हात लावू देणार नाही. कराडकरांना विचारलं तर म्हणाले, विमानाच्या लाकडात १५ इंच लांबीत रेघ १ इंचापेक्षा जास्त तिरकी गेलेली चालत नाही. आम्ही सतारीला जवळजवळ तेच बघतो. गाडी लाव आणि ये.

कराडचे निवृत्त एएमई :

ताई, फोटो विकू नका, निदान आत्ता नको. एचटी-२ १९५१च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उडालं. आपल्या देशात आराखडा होऊन आपल्याच देशात बांधलेलं ते विमान, आणि ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केलं, कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला नामवंत विमानशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकलेले. ते बांधणारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स, तेव्हाची हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९४०ला बंगळूरला काढली वालचंद हिराचंद यांनी, ज्यांचं नाव तुमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. फोटोतले लोक ओळखणारे आता थोडेच उरलेत. मला पाठवा, मी माझ्या वयाच्या चौघापाच जणांना दाखवतो. नाव कळेल तसं मागे मऊ पेन्सिलीने लिहा, पेनाने नको, शाई पुढे उमटते. नावं लागलेला फोटो एखादं संग्रहालयही घेईल, विनानावाचा फोटो रद्दीत जातो.

पुष्पकची पुस्तिका मला बघायला मिळाली तर उपकार होतील. विकत मागत नाही, एक दिवस द्या.

आयटीआयची कल्पना मला पसंत आहे. फक्त इंजिन कापायच्या आधी मी येणार. पट्टीवर माझ्या हाताने छिन्नीने 'उड्डाणास अयोग्य' कोरणार आणि लॉगबुकात मामांच्या नोंदीखाली तारीख घालून तसं लिहिणार. लॉगबुक इंजिनाबरोबरच आयटीआयच्या कपाटात राहील. पट्टी आणि कागद एकमेकांपासून सुटता कामा नयेत.

गावभागची भाची :

ठरलं. मामींनीही हो म्हटलंय. ४५,००० पैकी पहिला हप्ता त्यांच्याच खात्यावर टाका, त्यांना तो मामांच्या विमानाचा म्हणून हवाय. आणि त्यांची एक अट, कापड चढवाल त्या दिवशी पुण्याहून त्यांना बोलवायचं. विमानासाठी त्यांनी १६ वर्षं पडवी दिली आणि ते विमानासारखं दिसलेलं कधी बघितलं नाही.

काका, पुस्तिका एक दिवस कशाला, ठेवूनच घ्या. फोटो सोमवारी पाठवते.

साताऱ्याच्या दादा, रविवारी टेम्पो आणताना ताडपत्री आणि जुन्या गाद्या आणा, फासळ्या सांगाड्यावर ठेवू नका, वेगळ्या न्या. मी आज मोजून बघितलं, सांगाडा पडवीच्या दारातून निघत नाही, तीन इंच कमी पडतात. मामांनी हे कसं धरलं नसेल म्हणून तिसरी वही काढली तर त्यात लिहिलेलंच आहे, 'बाहेर काढताना चौकट उतरवणे, वरचे चार स्क्रू, डावीकडून.' सुताराला शनिवारी बोलावलंय.